औषध मारल्यावर बाग किती तास बंद, तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण गरोदरपणातल्या खाण्यापिण्यावर लेख छापला होता. फळं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, द्राक्षं दोनदा धुवा, हे सगळं ठीकच. पण मधेच एक वाक्य होतं, की पोटात बाळ असताना बाईचं लिव्हर मंदावतं आणि म्हणून फवारणीचं औषध अंगात साठत जातं. त्या वाक्याला माझी हरकत आहे. शिवाय आपल्याच पेपरच्या शेतीच्या पानाबद्दल एक मागणी आहे. पत्र लांबणार. कापायचं झालं तर वरचं कापा, मागणी तेवढी ठेवा.

मी सोलापुरात एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला गोळी सांगण्याचा मला अधिकार नाही. पण लिव्हरच्या टेस्ट हाताखालून किती गेल्या याची मोजदाद नाही. गरोदर बाईचा रिपोर्ट वेगळा दिसतो हे आम्हाला शिकाऊ असतानाच कळायचं. अल्कलाइन फॉस्फटेज शेवटच्या महिन्यांत दुप्पट येतं, नवखे डॉक्टर घाबरून फोन करायचे, आणि आमचे सर इकडून एकच विचारायचे, "कितवा महिना?" ते वाढलेलं एन्झाइम वारेतून आलेलं असतं, लिव्हर बिघडलेलं नसतं. अल्ब्युमिन उलट खाली येतं, कारण रक्तातलं पाणीच चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं.

आता मंदावण्याचं. माझ्या आईने माझ्या दोन्ही खेपांना दुपारी चारनंतर चहा बंद केला होता. "झोप उडती", एवढंच तिचं कारण. पुढे नोकरीत असताना एका पुस्तकात वाचलं, की एरवी चहा-कॉफीतलं कॅफीन साधारण पाच तासांत निम्मं होतं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यालाच पंधरा तासांच्या आसपास लागतात. कॅफीन मोडणारं जे लिव्हरचं एन्झाइम आहे, ते त्या काळात फार कमी काम करतं. म्हणजे चहाच्या बाबतीत तुमच्या लेखकाचं बरोबर आहे, आणि माझ्या आईचंही.

पण आमच्या शेजारच्या सुनेचं ऐका. तिला फिट्स येतात, लॅमोट्रिजिनची गोळी चालू होती, वर्षभर एकही फिट नव्हती. सहाव्या महिन्यात फिट आली. घरात आधी संशय तिच्यावरच, की गोळ्या चुकवल्या असणार. तिने एकही चुकवली नव्हती. लिव्हरचं दुसरं एक एन्झाइम, जे ही गोळी बांधून बाहेर काढतं, ते गरोदरपणात इतकं वाढतं की गोळी दुपटीने, कधी त्याहूनही वेगाने अंगातून निघून जाते. डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि बाळंतपणानंतर आठवणीने उतरवलाही, कारण लिव्हर दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतं आणि वाढवलेला डोस मग अंगावर येतो.

एकाच लिव्हरात एक काम तिपटीने सावकाश आणि एक काम दुप्पट वेगाने. ह्याला मंदावणं कसं म्हणायचं? माझे वडील गिरणीत होते, त्यामुळे मला खातं हाच शब्द सुचतो. लिव्हरात बाहेरून आलेल्या रसायनावर ढोबळमानाने दोन खात्यांत काम होतं. पहिल्या खात्यात त्याची मोडतोड करतात, दुसऱ्यात त्याला पाण्यात विरघळेल असं काहीतरी जोडतात, आणि मग ते लघवीतून नाहीतर पित्तातून बाहेर पडतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स या खात्यांमधली माणसं इकडची तिकडे करतात. काही साच्यांवर डबल पाळी लागते, काही साचे बंद पडतात. गिरणी बंद नसते.

आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या बायका घरोघर आहेत, म्हणून हेही लिहिते. निकोटीन मोडणारं खातं गरोदरपणात जोरात चालतं, दीडपटीहून जास्त. म्हणून सकाळी लावलेली मिश्री दुपारपर्यंत पुरत नाही. मला वाटतं पोटुशी बाई चारदा डबी उघडते त्यामागे हेही असावं, नुसती सवय नव्हे. लवकर उरकतं म्हणजे बाळ सुटलं असं मात्र नाही. निकोटीन वारेतून पलीकडे जातंच. आणि निकोटीन हे जुनं कीटकनाशक आहे, तंबाखूचा अर्क पिकावर मारायचे. आज डाळिंबावर, द्राक्षावर जे इमिडाक्लोप्रिड मारतात ते त्याच धर्तीवर बनवलेलं आहे.

आता मुख्य औषधाकडे येते. (आपण जिल्हाभर विषालाच औषध म्हणतो, मीही तसंच लिहिणार.) क्लोरपायरिफॉस घ्या. डब्यातून निघतं तेव्हा ते मज्जातंतूंना तितकं बाधत नाही. लिव्हरच्या पहिल्या खात्यात त्यातला गंधक काढून ऑक्सिजन बसवला जातो, आणि तयार होतो तो ऑक्सॉन कितीतरी पटीने जहाल. जे खातं माल मोडायला बसवलंय तेच इथे माल तेज करतं. मग तो ऑक्सॉन फोडायला लिव्हरने बनवलेलं पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम रक्तात फिरत असतं. शिवाय लिव्हरनेच बनवलेलं कोलिनेस्टरेज रक्तात असतं, ते ऑक्सॉनला स्वतःच चिकटून घेतं आणि मज्जातंतूंपर्यंत कमी पोचू देतं. गरोदरपणात पॅराऑक्सोनेजचं काम उतरतं, आणि हे रक्तातलं कोलिनेस्टरेज तर पहिल्या तिमाहीतच पाव ते तीसेक टक्के खाली येतं ते बाळंतपण होईपर्यंत वर येत नाही. पहिल्या खात्यातली काही एन्झाइमं मात्र याच काळात वाढलेली असतात. सूत खातं चालू आणि साचा खात्यात माणसं कमी, अशा दिवशी मधल्या बोळात काय व्हायचं ते वडील सांगायचे. पाय ठेवायला जागा नसायची.

गरोदर बाईला मुद्दाम कीटकनाशक देऊन कुणी प्रयोग करत नाही, करूही नये. त्यामुळे हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी कळलेलं आहे: औषधगोळ्यांवरून, गाभण उंदरांवरून, आणि शेतात राहणाऱ्या बायकांच्या रक्त-लघवीवरून. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात, तोही आपल्यासारखाच बागायती मुलूख, १९९९ पासून बर्कलीच्या विद्यापीठाने शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासली. ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी या जातीच्या औषधांचे अवशेष जास्त होते, त्यांची मुलं सातव्या वर्षी बुद्ध्यांकात मागे निघाली. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. नवजात बाळाच्या रक्तातलं पॅराऑक्सोनेज आईच्या मानाने साधारण चौपट कमी असतं, हेही त्याच बायका-मुलांवरून कळलं. त्या काही पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या बायका नव्हत्या. शेतात काम करणाऱ्या, किंवा घरातलं कुणीतरी शेतात काम करतं अशा.

मी या सगळ्यात का पडले ते सांगते. माझ्या धाकट्या भावाची नान्नजच्या पुढे तीन एकर द्राक्षबाग आहे, माणिक चमन. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात विरळणी चालली होती. मी सहज गेले होते, हुरडा निघाला होता म्हणून. विरळणीच्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात, बटणं गळ्यापर्यंत लावून. सकाळचं दव पानांवर होतं, वर हात करून घडातले मणी कापायचे, त्यामुळे सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. एकीच्या बाहीवर वाळलेल्या जागी पांढरट वळ उमटला होता, मिठागरात उमटतो तसा. आदल्या संध्याकाळी पाच वाजता फवारणीचा ब्लोअर फिरला होता.

साडेदहाच्या सुमाराला त्यातलीच एक ओळीच्या टोकाला खाली बसली. घाम, मळमळ, दोन उलट्या. भाऊ घाबरला. मुकादमीणबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आक्का, पाचवा हाय तिला. सांगू नगा म्हणली हुती, कामावरनं काढतील म्हणून." मग एकीकडून "पोटुशी बाई, मळमळणारच" आणि दुसरीकडून "औषध भिनलं" असा कालवा. मी भावाला औषधाचा डबा आणायला लावला. त्यावर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे लालच्या खालोखाल विषारी. सोबतचं माहितीपत्रक घडी घालून घालून तपकिरीच्या पुडीएवढं केलेलं, अक्षर इतकं बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं.

गाडीत घालून तिला सोलापुरात आणलं. डॉक्टरीणबाईंनी आधी डोळ्यांत बॅटरी मारली. औषध भिनल्याच्या खुणा शोधल्या: बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली नव्हती, तोंडाला लाळ नव्हती, छाती स्वच्छ होती. रक्त काढलं. औषध भिनलं की कोलिनेस्टरेज उतरतं, म्हणून ती टेस्ट. आकडा आला आणि त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण. तो बाण बघून तिच्या नवऱ्याने भावाची गचांडी धरायचीच बाकी ठेवली.

तो बाण मी आयुष्यभर छापत आले. आणि त्या दिवशी, रिटायर झाल्यावर, बाकड्यावर बसून मला पहिल्यांदा नीट कळलं, की शेजारी छापलेली नॉर्मलची मर्यादा गरोदर बाईची नाहीच. तिचा आकडा औषध न लागताही खालीच असणार. शुगरच्या चिठ्ठीवर आम्ही विचारायचो, उपाशी की जेवून. कोलिनेस्टरेजच्या चिठ्ठीवर कितवा महिना असं मी एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. किती बाण चुकीचे गेले असतील देव जाणे.

डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, एका आकड्यावर ठरवायचं नाही. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी सोडलं. दोन आठवड्यांनी परत टेस्ट केली, आकडा तिथेच. औषध लागून उतरला असता तर एव्हाना चढू लागला असता. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी केली तेव्हा आपसूक वर आला होता. म्हणजे उतार गरोदरपणाचा होता. ती बाई आदल्या रात्रीपासून उपाशी होती, हेही नंतर कळलं. मुलगी झाली, बरी आहे. तेव्हा कृपा करून हे पत्र विषबाधेची बातमी म्हणून छापू नका.

पण त्याची दुसरी बाजू बघा. एखाद्या बाईचा मुळातला आकडा वरच्या टोकाचा असेल, तर औषधाने त्यातला तिसरा हिस्सा गेला तरी रिपोर्ट नॉर्मलच दिसणार, बाण उमटणारच नाही. हंगामाआधीचा स्वतःचा आकडा हाताशी नसेल तर ही टेस्ट गरोदर बाईच्या बाबतीत दोन्हीकडून फसवते. तांबड्या पेशींतल्या कोलिनेस्टरेजची वेगळी टेस्ट असते, गरोदरपणात ती इतकी हलत नाही, पण ती तालुक्याला कुठे मिळायची.

असाच घोटाळा खाजेचा. माझ्या भाचीला आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना खाज सुटली, रात्री जास्त. घरची बाग, नुकताच गंधक मारलेला, त्यामुळे औषधाची ॲलर्जी म्हणून तीन आठवडे मलम चोळत बसली. अंगावर एक पुरळ नव्हतं. शेवटी रक्तातले पित्ताम्ल तपासले तेव्हा कळलं, लिव्हरातून पित्ताचा निचरा नीट होत नव्हता. गरोदरपणात हार्मोन्समुळे काही बायकांना हे होतं आणि बाळाच्या दृष्टीने ते गंभीर असतं. आणि पित्त ही बाहेरची रसायनं काढून टाकायची एक वाटच आहे, ती तुंबली की तेवढाच आणखी भार. पुरळ नसताना तळव्यांना खाज आली तर मलम शोधू नका, दवाखान्यात जा. एवढी ओळ जमली तर चौकटीत छापा.

आमच्या बागायतदारांना लिव्हरचं सांगून काय कळणार, असं कृषी सेवा केंद्रवाल्या एका गृहस्थांनी मला ऐकवलं. कळतं की! ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाल्यावर काड्या फुटायला डॉरमेक्स लावतात, त्या दिवशी दारूला शिवायचं नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. प्यालं की तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. कारण लिव्हर दारूचं आधी एक विषारी द्रव्य बनवतं आणि दुसरं एन्झाइम ते लगेच मोडतं. डॉरमेक्समधलं हायड्रोजन सायनामाइड त्या दुसऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतं. पुरुषांना हा नियम पाठ आहे, कारण अर्ध्या तासात प्रचिती येते. बाळाच्या बाबतीत प्रचिती यायला सात वर्षं लागतात.

डब्यावरच्या त्रिकोणाबद्दल. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे, आणि त्या नियमांप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरत्या विषारीपणाचा क्रम. तो रंग ठरतो किती मात्रेने प्रयोगातले निम्मे उंदीर मरतात त्यावरून. आणि या चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच लिहिलेलं आहे, की माद्या वापरायच्या त्या कधी न व्यालेल्या आणि गाभण नसलेल्या. गाभण जनावरांवर वेगळी चाचणी होते, नाही असं नाही, पण तिचा निकाल त्रिकोणाच्या रंगात उतरत नाही. म्हणजे भावाच्या शेडमधला तो पिवळा त्रिकोण त्या पाचव्या महिन्याच्या बाईबद्दल काहीच सांगत नव्हता.

आता मागणी.

आपल्या शेतीच्या पानावर द्राक्ष आणि डाळिंबाचं फवारणीचं वेळापत्रक येतं. छाटणीनंतर कितवा दिवस, डाऊनीला काय, भुरीला काय, थ्रिप्सला काय, मिलीबगला काय, लिटरला किती मिली, आणि शेवटच्या रकान्यात पीएचआय, म्हणजे फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही. भाऊ ते कापून देवघराच्या दाराला चिकटवतो. २०१० साली आपल्या द्राक्षांत लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधातलं क्लोरमेक्वाट सापडलं म्हणून युरोपात कंटेनर अडकले, तेव्हापासून तर पीएचआय सगळ्यांना तोंडपाठ. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटचे घड लॅबला जातात, रिपोर्ट आल्याशिवाय पेटी हलत नाही. ज्या युरोपासाठी हे चालतं त्या युरोपात गरोदर कामगार बाईला कोणत्या रसायनाजवळ ठेवायचं याचा विचार मालकाने करायचा, असा नियम १९९२ पासून आहे. आपल्याकडून ते द्राक्षाची चौकशी करतात. घडाला हात लावणारीची कोण करणार?

वेळापत्रकात अजून एक रकाना वाढवा: फवारल्यावर किती तास बागेत कुणी जायचं नाही. अमेरिकेत हे तास डब्यावरच छापलेले असतात, ४, १२, २४, ४८ असे, औषध जितकं जहाल तितके जास्त, आणि तेवढ्या तासांत मजूर आत घालणं तिथे गुन्हा आहे. मी आमच्या भागातल्या नऊ बागायतदारांना विचारलं, पीएचआय नऊच्या नऊ जणांनी सांगितला. बागेत परत कधी जायचं, यावर दोघे म्हणाले वाळल्यावर, एक म्हणाला वास गेल्यावर, बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सकाळच्या दवाचा विचार कुणाच्याच मनात नाही, माझ्याही नव्हता. वाळलेलं दवाने परत ओलं होतं.

यवतमाळला २०१७ साली कापसावर फवारताना वीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतर निदान फवारणाऱ्याच्या मास्क-गॉगलबद्दल तरी बोललं जातं. दुसऱ्या दिवशी बाह्या ओल्या करणारी बाई कुठल्याच पत्रकात नाही.

इथे एक विनंती. मथळा "गरोदर महिलांना बागेत बंदी" असा करू नका. त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. दवाखान्यातून आली, आणि मुकादमीणबाईने तिला टोळीतून काढलं. "भानगड नगं आक्का, मालक लोक मलाच धरत्यात." मुकादमीणबाई काही वाईट नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), पुढे काढणी, सगळ्या हंगामाची हजेरी त्या बाईची बुडाली. हे बघून टोळीतली दुसरी कुणी पोटुशी असली तर ती सांगेल का? बाळाचे अवयव तयार होतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, तेव्हा बऱ्याच जणींना आपल्यालाच ठाऊक नसतं. कोण गरोदर आहे हे शोधत बसण्यापेक्षा बागच तेवढे तास बंद ठेवावी, सगळ्यांनाच. पुरुषांचंही नुकसान नाही त्यात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, सगळं विचारतात, नोंदवतात. कामाला कुठे जातेस आणि तिथे काल काय मारलं, हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यांना आणखी एक रजिस्टर नको. नुसतं तोंडी विचारलं तरी बाई घरी जाऊन शर्ट वेगळा धुईल, बाळाच्या दुपट्यांबरोबर नाही.

भावाने आता शेडच्या पत्र्यावर खडूने लिहायला सुरुवात केली आहे: कोणतं औषध, किती वाजता मारलं, बाग कधी उघडणार. शेवटचा आकडा मला फोन करून विचारतो, आणि मी कुठून कुठून शोधून सांगते. हे काम माझं नाही, तुमच्या कृषितज्ज्ञांचं आहे. आपल्या जिल्ह्यात केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं आहे. तुम्ही विचारलंत तर ते नक्की सांगतील. मी विचारलं तर कोण तुम्ही म्हणतील.

गोडी छाटणी ऑक्टोबरात सुरू होते. तुमचं वेळापत्रक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतं. रकाना त्याच्या आत बसवता आला तर बघा. जागा कमी पडत असेल तर पुरवणीतलं राशिभविष्य एक आठवडा लहान छापा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
जुळे सोलापूर